रबरी नळी, मानहाइमचा बॉयलर आणि नंबरप्लेटवरचा शिक्का



जर्मनीत गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी एक परीक्षा द्यावी लागते. अभ्यास गाडीने करायचा आणि धडधड आपल्या छातीत, अशी ही परीक्षा. (नव्या कोऱ्या गाडीला पहिली तीन वर्षं सूट असते, तेवढंच.) कायद्यात तिला लांबलचक नाव आहे, पण बोलताना सगळे नुसतं 'ट्युफ' म्हणतात. खरं तर टीयूव्ही हे तपासणाऱ्या संस्थांचं नाव, आणि हल्ली हेच काम डेक्रासारख्या इतर संस्थाही करतात. पण आपण कसं कुठल्याही वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणायचो, तसंच हे.

आज लिहायचंय ते या परीक्षेच्या इतिहासाबद्दल आणि त्यातही गाडीच्या पोटातल्या नळ्यांबद्दल. विषय रुक्ष वाटेल, पण जरा धीर धरा.

२०११ च्या मे महिन्यातली गोष्ट. आई-बाबा पहिल्यांदाच पुण्याहून आमच्याकडे आले होते. मी वालडॉर्फला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आणि राहायला शेजारच्या वीस्लोख गावात. दारात अकरा वर्षांची सेकंडहँड गाडी. चार दिवसांनी आल्प्स ओलांडून ऑस्ट्रियात जायचं ठरलेलं, हॉटेलचे पैसे भरलेले. त्याच महिन्यात गाडीची तपासणी संपत होती, म्हणून म्हटलं आधी ते उरकून टाकू. बाबांनाही बरोबर घेतलं, तेवढीच त्यांना गंमत.

तपासणाऱ्या गृहस्थांनी गाडी लिफ्टवर चढवली, हातात टॉर्च घेतला आणि अर्ध्या तासाने शांतपणे सांगितलं, "नापास." पुढच्या डाव्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेकच्या रबरी नळीला भेगा होत्या. दुरुस्त करा आणि महिन्याच्या आत परत दाखवा, असा कागद हातात ठेवला.

मी वैतागले. म्हटलं, "अहो, पण ब्रेक तर व्यवस्थित लागतायत!"

ते म्हणाले, "आज लागतायत."

बाबा बाजूला उभे होते. एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची हयात गेलेली. "काय म्हणतोय तो?" त्यांनी विचारलं. मी तावातावाने सगळं सांगितलं. बाबा काही न बोलता लिफ्टखाली गेले, चष्मा वर केला आणि ती नळी अंगठ्याने जराशी वाकवली. वाकवल्याबरोबर भेगांची तोंडं उघडली. बाबांना जर्मनचा गंध नाही, त्या गृहस्थांना मराठीचा नाही, पण दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. मग बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. मीसुद्धा ही गाडी डेपोच्या बाहेर सोडली नसती."

घरचाच माणूस फितूर झाल्यावर काय बोलणार! पण त्या रात्री डोक्यात एक किडा शिरला. चालत्या गाडीला नापास करायची ही पद्धत इथे सुरू कोणी केली? शोधायला लागले तर उत्तर माझ्या घरापासून अर्ध्या तासावर निघालं, मानहाइमला.

*

२८ जानेवारी १८६५. मानहाइममधल्या एका बिअरच्या कारखान्यात वाफेचा बॉयलर फुटला. माणूस दगावला, इतर जखमी झाले, इमारतीची वाताहत झाली. त्या काळात ही नवलाची गोष्ट नव्हती. वाफेवर चालणारे कारखाने झपाट्याने वाढत होते आणि बॉयलर फुटतच होते. लोखंडाचा पत्रा आतून गंजत जातो, रिव्हेट सैल होतात, सांध्यातून वाफ फुसफुसते. कामगार म्हणतो, "चालतंय की!" आणि एक दिवस ते चालत नाही.

वेगळेपण पुढे जे झालं त्यात आहे. बाडेनमधल्या बॉयलरमालकांनी ६ जानेवारी १८६६ रोजी एकत्र येऊन एक संस्था काढली. काम एकच, सभासदांचे बॉयलर ठरावीक मुदतीने तपासायचे. तपासणारे इंजिनियर पगारी, पण ते कुठल्या एका कारखान्याचे नोकर नव्हेत. मँचेस्टरमध्ये असा प्रयोग १८५० च्या दशकात सुरू झाला होता, त्याचाच हा जर्मन अवतार. बघता बघता इतर भागांतही अशा संस्था निघाल्या. पुढे प्रशियाच्या सरकारने तर अशा संस्थांच्या सभासदांना सरकारी तपासणीतून सूट दिली. म्हणजे सरकारी साहेबापेक्षा या लोकांची नजर जास्त भरवशाची ठरली. १९३० च्या दशकात या संस्थांना आज आपण ऐकतो ते टीयूव्ही हे नाव मिळालं.

आता गाडीचा यात संबंध काय? तर तोही मानहाइमचाच. कार्ल बेंझने आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट २९ जानेवारी १८८६ रोजी नोंदवलं ते याच गावातून. आणि गाडीची पहिली 'रस्त्यावरची तपासणी' केली ती त्याच्या बायकोने. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ नवऱ्याला न सांगता, ऑयगेन आणि रिशार्ट या दोन मुलांना घेऊन, मानहाइमहून आपल्या माहेरी फोर्ट्सहाइमला मोटारीने निघाली. शंभराहून थोडं जास्त किलोमीटर अंतर. रस्ते बैलगाडीचे. (माहेरची ओढ माणसाकडून काय काय करून घेते, हे आपल्या बायकांना वेगळं सांगायला नको!)

आमच्या वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोईन घेतलं. डाग काढायला वापरायचं हे पेट्रोलसारखं द्रावण, तेच त्या गाडीचं इंधन. म्हणून वीस्लोखचे लोक आपल्या या दुकानाला जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणतात, आणि दुकानासमोर तिचं स्मारकही आहे. मी रोज तिथून जायची, पण गोष्टीतला पुढचा भाग कधी नीट वाचलाच नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली. बेर्टाने टोपीला लावायची लांब पिन काढली आणि नळी साफ केली. इंजिन थंड ठेवायचं पाणी वाफ होऊन उडून जायचं, म्हणून मिळेल तिथे ते पुन्हा पुन्हा भरावं लागलं. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा बाउशलोट गावच्या चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं.

म्हणजे बघा, इंधन, पाणी आणि ब्रेक. माझ्या हातातल्या नापासाच्या कागदावर २०११ साली ज्या जागा छापलेल्या होत्या, त्यातल्या तीन १८८८ साली एका बाईने वाटेत थांबून, वाकून, डोळ्यांनी बघून दुरुस्त केल्या होत्या.

*

पण बेर्टाच्या गाडीत ब्रेकची रबरी नळी नव्हती. ती आली नंतर. ब्रेक आधी दांडे आणि तारांवर चालायचे. पायाने दाबलेला जोर द्रवातून चारही चाकांना सारखा पोचवायचा, ही कल्पना अमेरिकेत माल्कम लॉकहीडने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पुढे आणली. जर्मनीत फ्रँकफर्टच्या आल्फ्रेड टेव्हेसच्या कंपनीने त्याचा परवाना घेतला आणि १९२६ च्या सुमारास आडलर गाडीला असे ब्रेक बसले. चाक वळतं, खालीवर होतं, त्यामुळे शेवटचा वीतभर भाग लोखंडी नळीचा असून चालत नाही, तिथे रबरच लागतं.

आणि इथे एक गंमत आहे. रबराच्या झाडापासून मिळणारं रबर खनिज तेलात फुगतं आणि मऊ पडतं. मग ब्रेकमध्ये द्रव कुठला घालायचा? तर सुरुवातीला वापरलं गेलं एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण. हो, तेच एरंडेल, लहानपणी नाक दाबून आजीने पाजलेलं! रबराला ते सोसतं. आजचा ब्रेकचा द्रव एरंडेलाचा नाही आणि खनिज तेलाचा तर मुळीच नाही, तो ग्लायकॉल जातीचा असतो. पण आपल्याकडे आणि इथल्या आपल्या मंडळींतही त्याला 'ब्रेक ऑईल' म्हणायची सवय आहे. नावाला फसून कोणी त्यात खरंच इंजिन ऑईल ओतलं, तर सिस्टिममधली सगळी रबरं फुगून कामातून जातात.

तेल सोसणारं रबर हवं होतं, ते कृत्रिम रूपात जर्मनीतच बनलं. लेव्हरकुझेनला आय. जी. फार्बेनच्या रसायनतज्ज्ञांनी १९३० मध्ये नायट्राईल रबराचं पेटंट घेतलं. आजही इंधनाच्या नळ्यांत आणि ऑईल सीलमध्ये हे रबर असतं. पण या इतिहासाची दुसरी बाजू लिहिल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हे. कृत्रिम रबराला जर्मनीत 'बुना' म्हणत. युद्धात त्याची गरज एवढी वाढली की याच आय. जी. फार्बेनने आउश्वित्झशेजारी मोनोवित्झला बुनाचा प्रचंड कारखाना उभारायला घेतला आणि १९४२ मध्ये तिथे कैद्यांची छावणीच बसवली. हजारो माणसं त्या बांधकामावर मेली. प्रिमो लेव्ही हा इटालियन रसायनतज्ज्ञ आणि लेखक १९४४ मध्ये तिथेच होता. जानेवारी १९४५ मध्ये छावणी मोकळी झाली, तोपर्यंत त्या कारखान्यातून बुना रबर बाहेर पडलंच नव्हतं. बॉनेट उघडून साधी काळी नळी बघताना हे आठवायला हवं असं नाही, पण ठाऊक असावं.

युद्धानंतर इथल्या सामान्य माणसाच्या गाड्यांनी नळ्यांचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. नळीच नको! फोक्सवॅगनच्या बीटलचं इंजिन हवेने थंड व्हायचं, म्हणजे रेडिएटर नाही आणि पाण्याच्या नळ्याही नाहीत. तिच्या सर्वांत स्वस्त मॉडेलला तर १९६२ पर्यंत ब्रेकसुद्धा तारांचेच होते. पूर्व जर्मनीच्या ट्राबांटमध्ये पेट्रोलची टाकी इंजिनाच्या वरच बसवलेली, पेट्रोल आपल्या वजनाने खाली यायचं, पंपाची भानगड नाही. तरी एक नळी दोघींनाही चुकली नाही, ती पेट्रोलची. मागच्या गरम इंजिनाजवळची ती जुनी नळी चिरून पेटलेल्या बीटल हा जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या धास्तीचा विषय आहे.

दरम्यान रस्त्यावर गाड्या वाढल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच बॉयलर तपासणाऱ्या इंजिनियरांकडे मोटारी तपासायचं काम आलं होतं. १ डिसेंबर १९५१ पासून पश्चिम जर्मनीत ठरावीक मुदतीची तपासणी सक्तीची झाली. पण कोणी तपासणी केली आणि कोणी बुडवली हे रस्त्यावरच्या पोलिसाला कळणार कसं? म्हणून १९६१ मध्ये नंबरप्लेटवरची ती गोल रंगीत चकती आली. मधला आकडा वर्षाचा, सगळ्यात वर आलेला आकडा महिन्याचा, आणि रंग दरवर्षी बदलणारा.

*

आपल्याकडे काय? जर्मनीतली यंत्रं आपल्याकडे भरपूर आली. १९५४ मध्ये टाटांनी डाइमलर-बेंझशी करार केला, म्हणजे बेर्टाच्या घरचं नाव आपल्या मालट्रकवर झळकलं. १९५८ मध्ये बजाज टेम्पो हँबर्गच्या कंपनीच्या सहकार्याने सुरू झाली आणि 'टेम्पो' हा शब्द मराठीत असा रुजला की घर बदलताना आपण कुठल्याही कंपनीची गाडी असो, टेम्पोच बोलावतो. यंत्रं आली, चकती मात्र आली नाही. खाजगी मोटार एकदा पासिंग करून घेतली की पंधरा वर्षं तिची फिटनेस तपासणी नाही. मधल्या काळात पीयूसी असते, पण ती धूर बघते, नळी बघत नाही.

म्हणून आपल्याकडे ही नजर माणसात होती. मेस्त्रीत, ड्रायव्हरमध्ये, क्लीनरमध्ये. एक्सप्रेसवे होण्याआधीचा बोरघाट ज्यांना आठवत असेल, त्यांना कडेला बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्याही आठवतील. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, 'ब्रेक निकामी झाल्याने बस दरीत.' बाबांना ही बातमी वाचली की राग यायचा. ते म्हणायचे, "ब्रेक असा एकदम निकामी होत नाही. महिनाभर आधीपासून गळत असतो. कोणीतरी वाकून बघायला पाहिजे होतं."

यात शास्त्र आहे. ब्रेकचा द्रव हवेतलं पाणी शोषून घेतो. नवा डॉट-४ द्रव २३० अंशांच्या वर उकळतो, पण पाणी मुरल्यावर हा आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. घाट उतरताना ब्रेक तापतात, द्रवात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून दर दोन वर्षांनी द्रव बदलायचा. आणि नळीच्या बाहेरच्या रबराला भेग पडली की आतल्या विणीत पाणी शिरतं, वीण कुजते, नळी फुगते आणि जोरात ब्रेक दाबाल नेमकी तेव्हाच फुटते. म्हणजे ज्या दिवशी सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी.

दुसऱ्या दिवशी नवी नळी बसवून गाडी पास झाली. त्या संध्याकाळी बाबांनी मला अंगणात घेऊन शिकवलं, ते थोडक्यात देते.

इंजिन थंड असतानाच बघायचं. गरम असताना रेडिएटरच्या पाण्याचं झाकण कदापि उघडायचं नाही. पाण्याची नळी क्लिपजवळ दाबून बघायची. स्पंजासारखी लिबलिबीत लागली किंवा कडक होऊन करकरली, तरी बदलायची. सांध्यावर पांढरट किंवा रंगीत खपली दिसली की पाणी पाझरून सुकलंय असं समजायचं. पुढचं चाक पूर्ण वळवून ब्रेकची नळी टॉर्चने बघायची आणि हलकेच वाकवायची. लोखंडी नळ्यांवर गंज बघायचा, इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात ते त्यांना खातं. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरायचा. काळपट डाग इंजिन ऑईलचा, हिरवा-गुलाबी रेडिएटरच्या पाण्याचा, पिवळसर आणि चाकाजवळचा असेल तर ब्रेकचा, मग गाडी हलवायचीच नाही. उन्हाळ्यात एसीचं स्वच्छ पाणी ठिबकतं, त्याला घाबरायचं नाही. आणि तपासणीआधी इंजिन धुऊन चकचकीत करायचं नाही, "पेशंटने डॉक्टरकडे जाताना ताप लपवावा तसं आहे ते," इति बाबा.

इथला तपासनीसही हाच फरक करतो. तेलाने नुसता ओलावा असेल तर किरकोळ दोष, थेंब पडत असेल तर नापास.

एक गोष्ट बाबांनाही नवीन होती. जर्मनीत नळ्यांचा एक शत्रू चार पायांचा आहे. 'मार्डर' म्हणतात त्याला. मुंगसाच्या अंगलटीचा, झुपकेदार शेपटीचा. रात्री गरम इंजिनावर येऊन बसतो आणि दुसऱ्या मार्डरचा वास आला की रागाने रबर चावतो. विमा कंपन्यांकडे दरवर्षी असे सुमारे दोन लाख दावे येतात. दात इतके बारीक की भोक दिसत नाही, गाडी तापून दाब वाढला की मगच पाणी उडतं. परगावी रात्र काढून आलात, तर घरी आल्यावर नळ्या एकदा बघाच. हे ऐकून बाबा खूप हसले, "आमच्या डेपोत उंदीर होते, तुमच्याकडे मुंगूस!"

*

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं.

त्या १८६६ च्या मानहाइमच्या संस्थेचा वारसा आज टीयूव्ही सूड ही बलाढ्य कंपनी सांगते. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो इथे लोखंडाच्या खाणीचा गाळ अडवणारं धरण फुटलं आणि २७० माणसं गाडली गेली. त्या धरणाला स्थिर असल्याचा दाखला आदल्याच वर्षी दिला होता तो टीयूव्ही सूडच्या ब्राझीलमधल्या उपकंपनीने. आत साठलेलं पाणी निघून जायला पुरेशी सोय नव्हती, असं तज्ज्ञांच्या समितीने नंतर सांगितलं.

ही बातमी वाचली तेव्हा मला ती लिफ्टखालची दोन माणसं आठवली. एक शिक्का देणारा, दुसऱ्याकडे कुठलाच शिक्का नाही. दोघांनीही कागद बाजूला ठेवून नळी वाकवून बघितली होती. १८६६ च्या मालकांनी पैसे मोजले होते ते त्या बघण्याचे. कागद नंतरचा. मधलं बघणं गळून गेलं, तर उरतो तो नुसता रंगीत कागद, मग तो नंबरप्लेटवर असो की धरणावर.

त्या वर्षी आम्ही एक दिवस उशिरा आल्प्समध्ये गेलो. खाली उतरताना मी सारखा ब्रेक दाबत होते, तर मागून आवाज आला, "अगं, खालचा गिअर टाक. नळी नवी आहे म्हणून काय झालं?"

बाबा आता पुण्यात असतात, वय झालंय, गुडघे वाकत नाहीत. पण दर महिन्याला फोनवर नातवंडांची चौकशी झाली की प्रश्न ठरलेला असतो, "नळ्या बघितल्यास का?" मी 'हो' म्हणते, आणि खोटं बोलायला नको म्हणून त्याआधी टॉर्च घेऊन खाली जाऊन येते.

तुम्हीही या शनिवारी पाच मिनिटं काढा. चकतीवरचा महिना बघा, आणि तो लांब असला तरी बॉनेट उघडाच.